झाकली मूठ आणि उघडे आकाश

सातव्या शतकात ह्युएनत्संग हा चिनी भिक्षू भारताकडे निघाला, तेव्हा साम्राज्याची सीमा ओलांडून जाण्यास प्रजेला बंदी होती. यूमेनच्या, म्हणजे 'जेड-द्वारा'च्या, पलीकडे वाळवंटात एकामागोमाग एक पाच टेहळणी मनोरे होते आणि पाणी त्यांच्याच पायथ्याशी मिळत असे. रात्रीच्या अंधारात पाणी घेण्यास गेलेल्या या यात्रेकरूवर पहिल्याच मनोऱ्यावरून बाण सुटले, अशी हकीकत त्याच्या चरित्रात आहे. पुढे तो हामीच्या मरूद्यानात पोचला, मध्य आशिया ओलांडून भारतात आला आणि पुलकेशीच्या काळच्या महाराष्ट्राचे वर्णनही त्याने लिहून ठेवले. त्याच्या वाटेवरील यूमेन आणि हामी ही दोन्ही नावे पुन्हा जगाच्या तोंडी आली ती २०२१ साली. या वेळी मनोरा आकाशात होता आणि वाळवंटात काय चालले आहे हे पाहणारे लोक हजारो मैल दूर, कॅलिफोर्नियात बसले होते.

त्या वर्षीच्या जूनअखेर मॉन्टेरे येथील मिडलबरी संस्थेतील जेफ्री लुईस आणि डेकर एव्हेलेथ या अभ्यासकांनी जाहीर केले की, गान्सू प्रांतातील यूमेनजवळच्या वाळवंटात चीन आंतरखंडीय क्षेपणास्त्रांसाठी सुमारे १२० सायलो बांधत आहे. सायलो या शब्दाचा मूळ अर्थ धान्याचे कोठार. मराठी मुलखात धान्य साठवण्यासाठी जमिनीत पेव खोदत, तसेच हे काँक्रीटचे पेव. मात्र त्यात धान्याऐवजी क्षेपणास्त्र उभे करून ठेवलेले असते आणि वर अनेक टन वजनाचे झाकण असते. महिन्याभरातच अमेरिकन शास्त्रज्ञ महासंघाच्या मॅट कोर्डा आणि हान्स क्रिस्टेन्सन यांनी यूमेनच्या वायव्येस सुमारे ३८० किलोमीटरवर, सिंक्यांगमधील हामीजवळ, ११० सायलोंचे दुसरे क्षेत्र दाखवून दिले. ऑगस्टमध्ये अमेरिकी हवाई दलाच्या एका अभ्याससंस्थेला इनर मंगोलियातील ऑर्डोस भागात तिसरे क्षेत्र आढळले. आज या तिन्ही क्षेत्रांतील सायलोंची संख्या ३२० च्या आसपास धरली जाते. त्यापूर्वी कित्येक दशके चीनजवळ असे सायलो होते अवघे वीसएक.

या शोधाने अमेरिकेत जी खळबळ उडाली ती साहजिक होती. तथापि तीन-चार वर्षांनंतर शांतपणे विचार करता त्यातून निघणारा खरा प्रश्न 'चीनने किती खड्डे खणले' हा नाही. खड्डे मोजता येतात व ते मोजले गेले आहेत. मोजलेल्या खड्ड्यांवरून दुसऱ्या राष्ट्राचा इरादा कितपत ताडता येतो आणि तो ताडण्याच्या घाईत पहिले राष्ट्र स्वतः काय करून बसते, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. चीनचा शेजारी असलेल्या भारताला तर तो टाळताच येणार नाही.

छायाचित्र कसे वाचतात

उपग्रहाच्या छायाचित्रात क्षेपणास्त्र दिसते अशी अनेकांची समजूत असते. यूमेनच्या छायाचित्रांत एकही क्षेपणास्त्र दिसले नव्हते. दिसले ते हवेने फुगवलेले मोठे घुमट. खोदकाम आणि बांधकाम झाकण्यासाठी ते उभारले होते, आणि गंमत अशी की त्यांनीच बिंग फोडले. कारण इनर मंगोलियातील जिलांताई येथे चिनी सैन्याचे प्रशिक्षणकेंद्र आहे. तेथील सायलोंवर तसेच घुमट अभ्यासकांनी आधी पाहून ठेवले होते. ओळखीचा घुमट दुसरीकडे कोठे आढळतो काय, एवढाच मग शोधाचा विषय उरला. यूमेनला ते घुमट परस्परांपासून सुमारे तीन-तीन किलोमीटर अंतरावर, बुद्धिबळाच्या पटासारखे मांडलेले सापडले. हे अंतरही अर्थपूर्ण आहे. शत्रूच्या एका अण्वस्त्राने दोन सायलो निकामी होऊ नयेत एवढे ते दूर असावे लागतात. शिवाय लांबलचक वाहने सहज वळतील असे रुंद वळणांचे रस्ते, केबलसाठी खणलेले चर, नियंत्रणकेंद्रांचे खड्डे या सर्व खुणा एकत्र आल्या, तेव्हा अनुमान पक्के झाले.

म्हणजे हे काम डोळ्यांपेक्षा स्मरणशक्तीचे आणि तुलनेचे आहे. एक छायाचित्र फारसे काही सांगत नाही. त्याच जागेची सहा महिन्यांपूर्वीची, वर्षापूर्वीची छायाचित्रे शेजारी ठेवली म्हणजे कोणता रस्ता नवा, कोणता ढिगारा कोठून आला हे उलगडू लागते. पन्नास वर्षांपूर्वी ही सामग्री दोन महासत्तांच्या कडेकोट तिजोऱ्यांत असे. १९८४ साली अमेरिकी नौदलातील विश्लेषक सॅम्युएल मॉरिसन यांनी एका सोव्हिएत युद्धनौकेच्या बांधणीची उपग्रह-छायाचित्रे ब्रिटिश नियतकालिकाला दिली, म्हणून त्यांना कारावासाची शिक्षा झाली होती. आज प्लॅनेटसारख्या खाजगी कंपनीचे छोटे उपग्रह जवळजवळ रोज पृथ्वीवरील बहुतेक भूभाग टिपतात, आणि पैसे मोजणाऱ्यास ती छायाचित्रे मिळतात. यूमेनचा शोध ज्या छायाचित्रांवर लागला ती याच जातीची होती.

चीनमध्ये या बातमीवर निघालेला पहिला प्रतिवाद असा की, हे सायलो नसून पवनचक्क्यांचे पाये आहेत. तो अगदीच हास्यास्पद नव्हता. गान्सूच्या याच पट्ट्यात जगातील अतिविशाल पवनऊर्जा प्रकल्पांपैकी एक आहे आणि वाळवंटात अंतराअंतराने खोदलेले वर्तुळाकार खड्डे पवनचक्कीसाठीही लागतात. परंतु पवनचक्कीच्या पायावर फुगवलेला घुमट लागत नाही, तिच्याभोवती लष्करी कुंपण नसते, आणि काही महिन्यांनी तेथे उंच खांब उभा राहून त्याची लांब सावली वाळूवर पडते. तशी सावली कधी पडली नाही. घुमट निघाले तेव्हा खाली झाकणे दिसली. चीन सरकारने या क्षेत्रांविषयी स्वतः होऊन कसलाही तपशील दिला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची हे तत्त्व चीनने १९६४ च्या पहिल्या अणुस्फोटापासून सांभाळले आहे.

त्युरातामचा धडा

वाळवंटातील क्षेपणास्त्रतळाचे आकाशातून वाचन करण्याचा इतिहास आता जवळजवळ सत्तर वर्षांचा झाला आहे. १९५७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या यू-२ विमानाने कझाकस्तानच्या ओसाड प्रदेशावरून उडताना लोहमार्गाचा माग काढीत सोव्हिएत युनियनचे क्षेपणास्त्रकेंद्र टिपले. ते त्युरातामचे केंद्र. त्याच वर्षी ऑक्टोबरात तेथूनच स्पुटनिक उडाला. सोव्हिएत सरकारने पुढे त्या केंद्राचे नाव बैकोनूर असे जाहीर केले. खरे बैकोनूर गाव तेथून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर होते. नाव बदलले तरी लोहमार्ग लपत नाही, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

परंतु एक तळ सापडला म्हणून किती क्षेपणास्त्रे आहेत हे कळले नाही. स्पुटनिकने भेदरलेल्या अमेरिकेत 'क्षेपणास्त्रांच्या दरी'ची भाषा सुरू झाली. सोव्हिएत युनियनजवळ लवकरच शेकडो आंतरखंडीय क्षेपणास्त्रे असतील, असे अंदाज सरकारी कागदांत आणि वृत्तपत्रांत मांडले जाऊ लागले. क्रुश्चेव्ह यांच्या फुशारकीने त्यात भरच घातली. १९६० च्या निवडणुकीत जॉन केनेडी यांनी या दरीचा प्रचारात पुरेपूर उपयोग केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, अनेक अपयशांनंतर, करोना या गुप्त उपग्रहाची फिल्म असलेली कुपी पॅराशूटने खाली येत असताना विमानाने हवेतच झेलली. यू-२ च्या चार वर्षांच्या सर्व उड्डाणांनी मिळून जितका सोव्हिएत प्रदेश टिपला होता, त्याहून अधिक प्रदेश त्या एका फिल्मवर होता. सप्टेंबर १९६१ मध्ये अमेरिकी गुप्तचरांनी आपला अंदाज सुधारला. शेकड्यांचा आकडा १० ते २५ वर आला. दरी होती, पण ती अमेरिकेच्या बाजूने होती.

ही कथा उपग्रहांच्या गौरवासाठी नेहमी सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. सत्य कळल्यावर अमेरिकेने हात आखडता घेतला नाही. १९६७ पर्यंत तिने एक हजार मिनिटमन क्षेपणास्त्रे सायलोंत उभी केली. त्या वर्षी सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथील भाषणात संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी कबूल केले की, प्रतिपक्षाच्या भावी हेतूंविषयी खात्री नसल्यामुळे अमेरिकेने गरजेपेक्षा मोठे दल उभारले. सोव्हिएत युनियनने त्याला आपल्या परीने उत्तर दिले. १९७२ च्या करारात मर्यादा घालण्याची वेळ आली, तेव्हा आंतरखंडीय क्षेपणास्त्रांच्या स्थिर तळांचे आकडे होते अमेरिकेचे १,०५४ आणि सोव्हिएत युनियनचे १,६१८. छायाचित्राने आकड्यातील चूक दुरुस्त केली. भीतीवर त्याचा इलाज चालला नाही.

तो इलाज थोड्याफार प्रमाणात चालला तो त्या करारानेच. १९७२ च्या सामरिक करारांत एक कलम असे होते की, एकमेकांच्या 'राष्ट्रीय तांत्रिक साधनां'त कोणी अडथळा आणू नये आणि पडताळणी अशक्य होईल अशी मुद्दाम लपवाछपवी करू नये. हेरगिरीच्या उपग्रहांना दिलेले हे सभ्य नाव होते. त्या शब्दांचा अर्थ दोन्ही पक्षांना ठाऊक होता. पण आपण असे उपग्रह वापरतो हे अध्यक्ष कार्टर यांनी उघड सांगितले ते १९७८ मध्ये. पुढच्याच वर्षी कार्टर सरकारने नेव्हाडा आणि युटाच्या वाळवंटात २०० एमएक्स क्षेपणास्त्रे ४,६०० निवाऱ्यांमध्ये फिरवत ठेवण्याची योजना मान्य केली. कोणत्या निवाऱ्यात क्षेपणास्त्र आहे ते शत्रूला कळू नये हा उद्देश. तरीही एकूण क्षेपणास्त्रे दोनशेच आहेत हे सोव्हिएत उपग्रहांना पाहता यावे, म्हणून निवाऱ्यांच्या छतांना उघडता येणारी झाकणे ठेवण्याची तरतूद त्या आराखड्यात होती. ती योजना रेगन यांनी १९८१ साली रद्द केली, हा भाग निराळा. लपवायचे काय आणि दाखवायचे काय यावर दोन शत्रूंमध्ये एकमत असू शकते, ही त्या काळाची कमाई होती. यूमेनच्या वाळवंटात उणीव आहे ती नेमकी याची.

वाचणाऱ्याचे पूर्वग्रह

छायाचित्र खोटे बोलत नाही असे म्हणतात. ते मुळात बोलतच नाही. बोलतो तो वाचणारा. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत इराकमधील ताजी येथील कोठारांची उपग्रह-छायाचित्रे सादर केली. कोठाराशेजारी उभे असलेले वाहन रासायनिक अस्त्रांच्या शुद्धीकरणाचे आहे, असे त्यांनी ठामपणे सांगितले. आकाशातून पाहता साधा अग्निशमनाचा बंबही तसाच दिसतो. शस्त्रनिरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनी नऊच दिवसांनी त्याच समितीसमोर, त्या हालचाली नेहमीच्या कामकाजाचा भागही असू शकतात, असे नमूद केले. युद्ध थांबले नाही. युद्धानंतर इराकभर शोध घेऊनही रासायनिक अस्त्रांचा तो साठा सापडला नाही. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण तेव्हा किती महाग पडली हे सर्वांना ठाऊक आहे.

याच्या उलट प्रकार राजस्थानच्या वाळवंटात घडला. १९९५ च्या अखेरीस पोखरण येथील तयारी अमेरिकी उपग्रहांनी टिपली, राजदूत फ्रँक विस्नर यांनी भारत सरकारला छायाचित्रांचा हवाला दिला आणि चाचणी बारगळली. त्या प्रसंगाने भारतीय शास्त्रज्ञांना हेही कळले की, वरचा डोळा नेमके काय पाहतो. १९९८ मध्ये काम रात्री चालले, अवजड यंत्रे सकाळी पूर्वीच्याच जागी उभी केली जात आणि मेच्या ११ व १३ तारखांना झालेल्या स्फोटांनी वॉशिंग्टनला पूर्ण बेसावध गाठले. ॲडमिरल डेव्हिड जेरेमाया यांनी नंतर या अपयशाची चौकशी केली. त्यांनी दोष केवळ कॅमेऱ्याला दिला नाही. सर्वजण आपल्यासारखाच विचार करतात, या अमेरिकी समजुतीवर त्यांनी बोट ठेवले. सत्तेवर आलेल्या पक्षाने अण्वस्त्रांचा मनोदय आपल्या निवडणूक जाहीरनाम्यात छापला होता. तो वाचण्यास उपग्रहाची आवश्यकता नव्हती.

ताजी येथे नसलेले दिसले आणि पोखरणला असलेले दिसले नाही. दोन्ही ठिकाणी छायाचित्रापूर्वी मनात ठरलेला निष्कर्ष छायाचित्रावर लादला गेला होता.

झाकणाखाली काय?

यूमेनच्या बाबतीत या दोन्ही चुका संभवतात. साधा हिशेब पाहावा. डाँगफेंग-४१ या क्षेपणास्त्रावर तीनपर्यंत अण्वस्त्रे बसवली जातील असा अमेरिकी संरक्षण खात्याचा अंदाज आहे. ३२० सायलोंत प्रत्येकी एक असे क्षेपणास्त्र असेल, तर ९६० अण्वस्त्रे होतात. एमएक्सच्या योजनेप्रमाणे दहांपैकी एकाच सायलोत क्षेपणास्त्र असेल आणि त्यावर एकच अस्त्र असेल, तर हा आकडा ३२ वर येतो. छायाचित्र तेच, आणि त्यातून निघणारी दोन उत्तरे तीसपट अंतराची. झाकण बंद असताना यांतील कोणते खरे हे आकाशातून ठरवता येत नाही.

नंतरच्या काळात अन्य मार्गांनी काही माहिती मिळत गेली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या २०२३ च्या अहवालाने किमान काही सायलोंत क्षेपणास्त्रे उतरवल्याचे म्हटले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी गुप्तचरांच्या हवाल्याने अशी बातमी आली की, चिनी क्षेपणास्त्रदलातील भ्रष्टाचारामुळे काही क्षेपणास्त्रांत इंधनाऐवजी पाणी होते आणि पश्चिम चीनमधील काही सायलोंची झाकणे नीट उघडत नव्हती. सप्टेंबर २०२५ च्या बीजिंगमधील संचलनात चीनने डाँगफेंग-३१ च्या जातीचे सायलोत ठेवण्याचे क्षेपणास्त्र प्रथमच मिरवले. ते जर या क्षेत्रांत असेल, तर प्रत्येकी तीन अस्त्रांचा हिशेब बराच खाली येतो. यांतील कोणतीही गोष्ट २०२१ च्या छायाचित्रात नव्हती आणि असूही शकत नव्हती.

मग चीनने हा खटाटोप का केला? एक उत्तर असे की, थोडी क्षेपणास्त्रे असलेल्या राष्ट्राला पहिल्याच हल्ल्यात ती गमावण्याची धास्ती असते. अमेरिका २००२ मध्ये क्षेपणास्त्रविरोधी करारातून बाहेर पडली आणि तिने अलास्का व कॅलिफोर्नियात ४४ प्रतिक्षेपणास्त्रे उभी केली. हल्ल्यातून वाचलेली दहावीस चिनी क्षेपणास्त्रे त्यांनी अडवली तर चीनचा प्रतिकार संपला. ३२० सायलो मात्र नष्ट करायचे तर प्रत्येकी दोन या हिशेबाने ६४० अस्त्रे खर्ची घालावी लागतील. दुसरे उत्तर असे की, चीन आता निव्वळ प्रतिकाराची भूमिका सोडून, इशारा मिळताच क्षेपणास्त्रे सोडता येतील अशा तयारीकडे वळत आहे आणि तैवानच्या प्रश्नावर अमेरिकेला दूर ठेवण्यासाठी ही शक्ती वापरू पाहत आहे. पहिले उत्तर बचावाचे, दुसरे दबावाचे. दोन्ही उत्तरांना लागणारा खड्डा सारखाच असतो. चीनने अण्वस्त्रे प्रथम न वापरण्याची घोषणा १९६४ पासून कायम ठेवली आहे. पण घोषणेची पडताळणी कोणताही उपग्रह करू शकत नाही.

हा संशय दूर करण्याचा मार्ग संवादाचा होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिका आणि चीन यांची शस्त्रनियंत्रणावर बैठक झाली. जुलै २०२४ मध्ये तैवानला होणाऱ्या शस्त्रविक्रीचे कारण देऊन चीनने ती बोलणी थांबवली. आपल्याकडे अण्वस्त्रे थोडी असल्याने मोठ्यांनी आधी कपात करावी, ही चीनची भूमिका. तिच्यात तथ्य आहे. स्टॉकहोमच्या शांतता-संशोधन संस्थेच्या २०२५ च्या अंदाजानुसार अमेरिकेच्या लष्करी साठ्यात सुमारे ३,७०० आणि रशियाच्या ४,३०० अण्वस्त्रे आहेत, चीनची ६००. परंतु थोडक्यांचा मालक मूठ झाकून ठेवतो तेव्हा समोरचा ती भरलेलीच धरून चालतो. त्या भीतीचे आयते भांडवल अमेरिकेतील शस्त्रवाढीच्या पुरस्कर्त्यांनी केले. चीनच्या गुप्ततेने चीनची सुरक्षितता कितपत वाढली याचा विचार बीजिंगनेही करण्यासारखा आहे.

भारताचा हिशेब

यूमेनपासून दिल्ली दोन हजार किलोमीटरांहून किंचित अधिक अंतरावर आहे. त्यामुळे ही छायाचित्रे प्रसिद्ध होताच भारतातही आकड्यांची तुलना सुरू झाली. स्टॉकहोमच्या त्याच अंदाजात भारताची अण्वस्त्रे १८० आहेत. ६०० विरुद्ध १८० हे समीकरण मनाला बोचणारे आहे. परंतु येथेच त्युरातामचा धडा आठवण्याची गरज आहे. या सायलोंतील आंतरखंडीय क्षेपणास्त्रे प्राधान्याने अमेरिकेला उद्देशून आहेत. भारताच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहेत ती छिंगहाय आणि सिंक्यांग भागांतील मध्यम पल्ल्याची, वाहनांवरून फिरणारी क्षेपणास्त्रे. डाँगफेंग-२६ चा पल्ला सुमारे ४,००० किलोमीटर असून त्यावर साधे स्फोटकही बसते आणि अण्वस्त्रही. वाहन आज येथे तर उद्या तेथे. ते नेमके कोठे आहे आणि त्यावर काय बसवले आहे हे आकाशातून सांगणे सायलो मोजण्यापेक्षा फार कठीण आहे. जे सहज मोजता येते त्याकडे लक्ष वेधले जाते आणि जे मोजता येत नाही ते दुर्लक्षित राहते, हा अशा छायाचित्रांचा एक छुपा दोष आहे.

जानेवारी २००३ मध्ये जाहीर झालेल्या भारताच्या धोरणात विश्वासार्ह किमान प्रतिरोध आणि प्रथम वापर न करणे ही दोन सूत्रे आहेत. किमान या शब्दाचा अर्थ समोरच्याइतके असा नाही. हल्ला सोसून असह्य प्रत्युत्तर देता येईल इतके बळ, असा त्याचा अर्थ आहे. ५,००० किलोमीटरहून अधिक पल्ल्याचे अग्नी-५, त्यावर एकाहून अधिक अस्त्रे नेण्याची मार्च २०२४ मधील चाचणी आणि पाणबुड्यांवरील क्षेपणास्त्रे ही त्या दिशेची पावले आहेत. गान्सूतील खड्ड्यांना खड्ड्यांनी उत्तर देणे म्हणजे १९६१ नंतरच्या अमेरिकेची चूक तिच्या संपत्तीशिवाय करणे होईल. शिवाय भारताचा आकडा वाढला की पाकिस्तान आपला हिशेब नव्याने मांडणार, हे वेगळे सांगायला नको.

उलट जे करण्याजोगे आहे ते दुर्लक्षित आहे. पाकिस्तानशी इतके वैर असूनही १९८८ च्या करारानुसार दोन्ही देश १९९२ पासून दर १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, आणि क्षेपणास्त्रचाचणीची पूर्वसूचना देण्याचा करार २००५ पासून आहे. चीनशी असा कोणताही करार नाही. भारताला अण्वस्त्रधारी राष्ट्र म्हणून मान्यता देण्याची चीनची तयारी नसल्याने हा विषय टेबलावरच येत नाही. गलवानच्या संघर्षानंतर सीमेविषयीच्या बोलण्यांत तो येणे सोपे नाही. पण सीमेवर सैन्य समोरासमोर असताना तर त्याची गरज अधिकच आहे.

दुसरी गोष्ट पाहणाऱ्यांची. भारताजवळ कॅमेरा नाही असे नव्हे. डिसेंबर १९९५ मधील आयआरएस-१सी हा त्या वेळच्या नागरी उपग्रहांत सर्वांत बारीक नजरेचा होता, आणि २०१९ चा कार्टोसॅट-३ पाव मीटर आकाराची वस्तू ओळखू शकतो. परंतु त्या चित्रांचे जाहीर, स्वतंत्र वाचन करणारी परंपरा विद्यापीठांत आणि वृत्तपत्रांत रुजली नाही. २०१९ मध्ये बालाकोटविषयी वाद झाला तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक परदेशी कंपन्यांच्या छायाचित्रांवरच बोट ठेवून भांडत होते. परदेशी कंपनीचा डोळा परदेशी सरकारच्या इच्छेने मिटतो, हे मार्च २०२५ मध्ये दिसून आले. अमेरिकी सरकारने आपल्या व्यवस्थेतून युक्रेनला मिळणारी व्यापारी उपग्रह-छायाचित्रे तेव्हा काही काळ बंद केली होती. आज यूमेन उघडे दिसते, म्हणून उद्याही सर्वांना सर्व काही दिसेल असे धरून चालता येणार नाही.

यूमेनच्या अभ्यासकांनी सरकारी शिक्का नसताना, बाजारात मिळणाऱ्या सामग्रीवर एका बलाढ्य राष्ट्राचे गुपित उघड केले. त्यांनी किती सायलो मोजले हे सांगितले आणि आत काय आहे हे चित्रावरून ठरत नाही हेही सांगितले. पहिली गोष्ट ठळक मथळ्यांत गेली, दुसरी बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात राहिली. सेनापती आणि मंत्री ज्या कागदावरून निर्णय घेतात, त्यावर तरी ती शेवटच्या परिच्छेदात राहता कामा नये. ह्युएनत्संगवर बाण सोडणाऱ्या पहारेकऱ्यांनी नंतर त्याला मनोऱ्यावर नेले, तो कोण आणि कोठे निघाला आहे हे विचारले आणि पुढच्या वाटेची सोय करून दिली. अंधारात हललेल्या आकृतीवर बाण सोडण्याआधी ती चौकशी झाली असती तर अधिक बरे झाले असते. अण्वस्त्रांच्या बाबतीत बाण आधी आणि चौकशी नंतर हा क्रम एकदाही परवडणारा नाही.